शुद्धीवर आला, पुढे काय?

उसाचा हंगाम सुरू झाला की कुंडल परिसरातले रस्ते रात्रीही जागे असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या दिशेने रांगेने चाललेले असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने झाकलेला असतो. दुचाकीवरून येणाऱ्या पोराला ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. हेल्मेट घरी खुंटीला असते. मग धावपळ, १०८ ची गाडी आणि सांगली, मिरज नाहीतर कऱ्हाडचा रस्ता.

पुढचे दिवस घरचे लोक आयसीयूच्या दाराशी काढतात. प्रत्येक डॉक्टरला एकच प्रश्न विचारला जातो, ‘शुद्धीवर कधी येणार?’ एके दिवशी पोरगा डोळे उघडतो. गावाकडे फोन जातात, नवस फेडले जातात. आनंद साहजिक आहे. पण कुटुंब, दवाखाना आणि सरकार, आपण सगळेच इथे सुटकेचा श्वास टाकून थांबतो. मेंदूच्या दुखापतीची लांब वाट मात्र इथून पुढे सुरू होते.

कोमा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. रुग्ण किती बेशुद्ध आहे हे पाहण्यासाठी डॉक्टर ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ते १९७४ साली मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना त्यात गुण दिले जातात. सर्वांत कमी ३, पूर्ण शुद्धीत १५. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर दुखापत. खरा कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. त्यानंतर रुग्ण हळूहळू जागा होऊ लागतो, नाहीतर डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत जातो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत ‘कोमात’ होत्या असे आपण म्हणत आलो. प्रत्यक्षात त्यांची अवस्था ही दुसरी होती, आणि मेंदूची हानी झाली होती ती गळा आवळल्यामुळे प्राणवायू न मिळाल्याने.

सिनेमात नायक डोळे उघडतो आणि आईला हाक मारतो. प्रत्यक्षात जागा होणारा रुग्ण बहुधा गोंधळलेला असतो. नळ्या ओढतो, शिव्या देतो, काल कोण भेटायला आले ते आज विसरतो. हा गोंधळ आणि विस्मरणाचा काळ जितका लांबतो, तितके पुढचे सुधारणे अवघड होते. म्हणून ‘आता बोलतोय, बरा झाला’ असे म्हणण्याची घाई करू नये.

या दुखापतीतून माणूस परत उभा राहू शकतो का? राहू शकतो. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. कवटी फुटली, आत रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले; आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. पुढे ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट पुन्हा खेळले. कसोटी मात्र त्यांना पुन्हा कधी खेळता आली नाही. जीव वाचला, खेळही परतला, तरी एक दार कायमचे बंद झाले. बहुतेक रुग्णांचे सुधारणे असेच असते. बरेच काही परत मिळते, पण सगळेच नाही.

खेड्यातल्या घरात न परतलेला भाग लवकर दिसत नाही. हातपाय चालतात, जखम भरते, चार महिन्यांत पोरगा चौकात हिंडू लागतो. पण मोटर चालू करून बंद करायची विसरतो. दोन माणसे एकदम बोलू लागली की चिडतो. पगार एका दिवसात उडवतो, दुपारीच थकून झोपतो. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरतो, बेत आखतो, आणि अपघातात बऱ्याचदा त्यालाच मार बसतो. शेजारी म्हणतात, ‘नाटक करतोय’. कुणी देवऋषाकडे न्यायला सांगते. बायको आणि आई निमूट सोसतात, कारण ‘वाचला हेच खूप’ असे त्यांना सगळ्यांनी बजावलेले असते.

सरकारी व्यवस्थेचेही तेच आहे. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. योजना चांगली आहे, तिने जीव वाचतील. पण तिची मुदत अपघातापासून सात दिवसांची आहे. मेंदूची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे काही वर्षे धिम्या गतीने चालू राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. त्यात अपघाताने झालेली मेंदूची दुखापत नावानिशी नाही. पाय गेला तर तो दिसतो. स्मरण आणि संयम गेलेल्या धडधाकट पोराने दाखला मागताना काय दाखवायचे?

कुंडलला हे समजावून सांगणे खरे तर सोपे जावे. हे कुस्तीच्या मैदानाचे गाव. खांदा निखळलेल्या मल्लाला वस्ताद दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरवत नाही आणि घरी बसवूनही ठेवत नाही. थोडी मेहनत, थोडा आराम, रोज न चुकता, आणि कुणाची तरी सतत नजर. मेंदूच्या रुग्णालाही हेच लागते. ठरलेल्या वेळा, लिहून ठेवायची वही, एका वेळी एकच काम, पुरेशी झोप. दारू पूर्ण बंद. फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडीची किल्ली हातात द्यायची नाही, कारण डोक्याला दुसरा मार पहिल्यापेक्षा महागात पडतो.

पण सगळा भार घरच्यांवर टाकून चालणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांबरोबर पुढच्या सहा महिन्यांच्या व्यायामाचा, बोलण्याच्या आणि स्मरणाच्या सरावाचा आराखडा लिहिलेला असावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकत्र बसावेत. रोजगार बुडवून मिरजेच्या खेपा कोण किती दिवस घालणार? अपघात योजनेत सात दिवसांनंतरच्या या उपचारांचीही सोय हवी. आणि दर हंगामाआधी ट्रॉल्यांचे दिवे, रिफ्लेक्टर तपासले गेले, तर त्या आयसीयूच्या दाराशी बसणारी काही माणसे आपल्या घरीच जेवत असतील.