खिडकी सारा, मिटवू नका

आमची परळच्या चाळीतली १० बाय १२ ची खोली. संगणक एकच, तोही जुना. त्या रात्री लेकीचा परीक्षेचा अर्ज अर्धा भरलेला, वर मुलाचा अभ्यास उघडा. ह्यांना पडद्यावर ठेवलेली विजेच्या बिलाची फाईल हवी होती. ती खाली दडलेली. हे एकेका खिडकीच्या फुलीवर दाबत गेले आणि अर्ज गेला. लेक त्या रात्री जेवली नाही.

आमच्या संगणकावर लिनक्स आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा जगापुढे ठेवला. त्याच्यावर उभे राहिलेले उबुंटू, डेबियन फुकट मिळतात. फुलीला हातही न लावता पडदा मोकळा करण्याची सोय त्यांत आहे.

उबुंटूत विंडोजचे चिन्ह असलेली कळ धरून 'डी' दाबा. साऱ्या खिडक्या बाजूला होतात. पुन्हा तेच दाबा, त्या परत येतात.

डेबियनवर ग्नोम असेल तर ही जोडी आपण ठरवावी लागते. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, शॉर्टकटच्या यादीत नेव्हिगेशनमध्ये जा. 'हाइड ऑल नॉर्मल विंडोज' या ओळीवर दाबा, मग हव्या त्या कळा एकत्र दाबून 'सेट' करा.

एक मात्र ध्यानात ठेवा. खिडकी लपली म्हणजे काम जतन झाले असे नव्हे. वीज गेली तर तेही जाईल. म्हणून आधी जतन, मग बाजूला.

ही जोडी ह्यांना लेकीनेच शिकवली. अर्ज तिने पुन्हा भरला. ह्या वेळी हे शेजारी बसून होते.