कंद ताटात नको, पण कुंडीत?



परवा स्वाध्यायाला आलेल्या एक काकू खिडकीतली कुंडी पाहून थबकल्या. "अगं, जैनाच्या घरात कांदा?" कांदा नव्हता, अ‍ॅमरिलिसचा कंद होता. आपल्याकडे बहुतेकजणी त्याला नुसतं लिली म्हणतात. पण काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या बाजारात येते ती हळदही जमिनीतलाच कंद. ओली हळद आणि आलं आपण वर्ज्य मानतो, वाळलेली हळद आणि सुंठ मात्र चालते. म्हणजे नियम नुसत्या नावावर ठरत नाही, जीवाचं काय होतं त्यावर ठरतो. कंद उपटून, चिरून खाणं वेगळं आणि तो जगवणं वेगळं.

खरी अडचण दुसरीच आहे. विनाकारण हिंसा नको, हे अनर्थदंडव्रत श्रावकाला सांगितलेलं आहे. नुसत्या शोभेसाठी पाणी-मातीचा खटाटोप त्यात येतो का? माझं मत असं, की दरवर्षी नवा कंद आणून फुलं संपली की फेकणार असाल तर नक्की येतो. परदेशात मेणात बुडवलेले कंद मिळतात. त्यांना मातीही लागत नाही आणि पाणीही लागत नाही. फूल झालं की बहुतेक लोक ते कचऱ्यात टाकतात. असलं काही भेट म्हणून आलं तरी मला ते रुचणार नाही.

माझा एकच कंद आहे, सहा वर्षं तोच. कुंडी कंदापेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी, आणि कंदाचा वरचा भाग मातीबाहेर. ही लिली एरवी आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते. थंडीत फुलं हवी असतील तर तिला आधी विश्रांती द्यावी लागते. मी दशलक्षण पर्वात तिचं पाणी बंद करते आणि कुंडी पावसापासून आत घेते. पानं सुकतात. दिवाळीत, निर्वाण लाडू झाला की पुन्हा थोडं पाणी देते. दांडा दिसेपर्यंत बेतानंच, नाहीतर कंद कुजतो. सहा-आठ आठवड्यांत लाल फुलं येतात. फुलं गेली की फक्त दांडा कापायचा. पानं ठेवायची, कारण पुढच्या वर्षीची शिदोरी तीच साठवतात. आपण पर्वात उपवास धरतो तेव्हा तीही धरते, म्हणून मला ती घरातलीच वाटते.

एक सावधगिरी. हा कंद विषारी असतो, पोटात गेला तर उलट्या होतात. आपल्या स्वयंपाकघरात कांदाच नसल्यानं गफलत होणार नाही, पण नातवंडांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

ज्यांचा नियम याहून कडक आहे त्यांनी तो जरूर पाळावा. काकूंना मी एवढंच म्हटलं, "खुडलेल्या फुलांचा गुच्छ दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो, ही तशीच उभी राहते." काकू काही बोलल्या नाहीत. पण जाताना त्यांनी कुंडी जरा उन्हाकडे सरकवली.