विश्लेषण : कॅन्सरची गोळी अचानक काम करेनाशी का होते? ‘ईएसआर1’ बदल आणि रक्ताची नवी चाचणी म्हणजे काय?

समजा, निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात राहणारी पंचावन्न वर्षांची एक शेतकरी बाई आहे. स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला. पण रोज एक लेट्रोझोलची गोळी आणि जोडीला पाल्बोसिक्लिब, यावर तिची दोन वर्षं चांगली गेली. कंबरदुखी थांबली, ती पुन्हा शेतात जाऊ लागली. मग एक दिवस पाठ परत दुखायला लागली. नाशिकला जाऊन स्कॅन केला, तर यकृतावर नवे डाग.

घरात पहिला प्रश्न येतो, गोळ्या बनावट होत्या का? दुसरा, हिनं पथ्य मोडलं का? आणि तिसरं सांगणारा एखादा नातेवाईक असतोच: ‘आता हे इंग्रजी औषध बंद करा, माझ्या ओळखीचे एक वैदू आहेत.’

ही बाई काल्पनिक आहे, पण हे प्रश्न नाहीत. आणि या तिन्ही वाटा बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला जातात. औषध खरं असतं, बाईनं ते नियमानं घेतलेलं असतं, आणि तरीही ते थांबतं. कारण दरम्यानच्या काळात कॅन्सरच्या पेशी बदललेल्या असतात.

गोळी नेमकं काय करत होती?

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. जगभरात स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण दहापैकी सात रुग्णांचा कॅन्सर हार्मोन-पॉझिटिव्ह असतो. भारतात हे प्रमाण त्याहून थोडं कमी नोंदवलं जातं. तरी आकडा लहान नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण होते आणि 98 हजारांहून जास्त मृत्यू झाले.

अशा कॅन्सरच्या पेशीत इस्ट्रोजेनचं एक कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेनची किल्ली बसली की पेशीला वाढण्याचा निरोप मिळतो. पाळी गेल्यावरही शरीरात इस्ट्रोजेन बनतच असतं, चरबीत, स्नायूंत, अरोमाटेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीनं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या हा कारखानाच बंद करतात. किल्लीच बनत नाही, म्हणून कुलूप उघडत नाही.

मग बिघडतं कुठे?

कुलूप कसं बनवायचं याची कृती ‘ईएसआर1’ या जनुकात असते. पेशी विभागताना या कृतीत कधीतरी एका अक्षराची चूक होते आणि रिसेप्टरचा आकार जरासा बदलतो. इतका, की किल्लीशिवायही तो उघडाच राहतो. कारखाना बंद आहे की चालू, याच्याशी त्याला काही देणंघेणं राहत नाही. लेट्रोझोल आपलं काम चोख करत असते, पण त्या कामाचा उपयोग संपलेला असतो.

निफाड पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगायची गरज नाही. डाऊनीवर एकाच ग्रुपचं बुरशीनाशक वरचेवर मारलं, की काही दिवसांनी बुरशी दाद देईनाशी होते. औषधानं बुरशीत बदल घडवला असं नाही. अगदी थोडी बुरशी आधीपासून किंवा योगायोगानं वेगळी होती, बाकीची मेली, हिला मोकळं रान मिळालं. म्हणूनच ‘ग्रुप बदलून मारा’ असा सल्ला दिला जातो. कॅन्सरमध्येही असंच होतं. फरक एवढाच, की बागेतली बुरशी पानावर दिसते, ही आतली निवड स्कॅनमध्ये बऱ्याच उशिरा दिसते.

म्हणूनच ईएसआर1 मधला बदल, ज्यांना हार्मोनचं औषध कधीच दिलेलं नाही अशांच्या मूळ गाठीत क्वचित सापडतो. अरोमाटेज रोखणारी गोळी घेतल्यानंतर कॅन्सर वाढलेल्या रुग्णांमध्ये मात्र तो साधारण 20 ते 40 टक्के जणींत दिसतो. 1997 मध्येच एका रुग्णाच्या नमुन्यात तो आढळला होता, पण त्याचं महत्त्व सगळ्यांच्या लक्षात आलं 2013 मध्ये.

‘म्हणजे माझ्या मुलीलाही होणार का?’

ओपीडीत ‘म्युटेशन’ हा शब्द उच्चारला की आईचा पहिला प्रश्न हाच असतो. इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

ईएसआर1 चा बदल फक्त कॅन्सरच्या पेशींत, तोही बहुधा उपचारांच्या काळात होतो. तो आईकडून आलेला नसतो आणि मुलीकडे जात नाही. दुसरा बदल ‘पीआयके3सीए’ या जनुकातला, या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण दहापैकी चार जणींत सापडणारा. तोही वारशानं येत नाही, पण गाठीत बहुधा सुरुवातीपासून असतो. बीआरसीए1 आणि बीआरसीए2 मधले जन्मजात बदल हा तिसरा प्रकार. ते घराण्यात चालत येऊ शकतात, आणि तिथे बहिणी, मुली आणि मुलगे यांच्या तपासणीचा विचार करावा लागतो.

या फरकाचा थेट संबंध खिशाशी आहे. पीआयके3सीए पाहायचा तर पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा, ज्याला लॅबवाले ‘ब्लॉक’ म्हणतात, तो बहुतेकदा चालतो. ईएसआर1 साठी मात्र तीन वर्षांपूर्वीचा ब्लॉक तपासणं म्हणजे या वर्षीचा रोग ओळखायला गेल्या हंगामातलं पान पाहण्यासारखं आहे. त्यासाठी आत्ताचा नमुना हवा.

रक्तातून कसं कळतं?

मरणाऱ्या कॅन्सर पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. ते शोधण्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्को’ या संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं, की हार्मोनच्या उपचारांवर असताना कॅन्सर परतला किंवा वाढला तर ईएसआर1 ची चाचणी करावी, आणि शक्यतो रक्तातून.

इथे नाशिककरांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या कंपनीच्या रक्तचाचणीला नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ दर्जा दिला. गावच्या लॅबचं नाव तिथवर गेलं याचा अभिमान वाटणं साहजिक आहे. पण तो दर्जा म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे, पुढच्या छाननीला गती देण्याची ती सोय आहे. शिवाय ती चाचणी निरोगी दिसणाऱ्या बाईत कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी आहे. पसरलेल्या कॅन्सरमध्ये औषध का थांबलं, हे शोधणारी चाचणी वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही ‘रक्तातून कॅन्सर टेस्ट’ म्हणूनच फिरतात.

बदल सापडला, तर पुढे?

रिसेप्टर उघडा राहिला तरी तो अजून तिथे आहे. म्हणून रिसेप्टरच मोडून टाकणारी औषधं वापरता येतात. यातलं जुनं म्हणजे फुल्व्हेस्ट्रँट, कुल्ल्यात घ्यायचं इंजेक्शन. नवी म्हणजे गोळ्या: एलासेस्ट्रँटला अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये मंजुरी मिळाली, इम्लुनेस्ट्रँटला सप्टेंबर 2025 मध्ये. पीआयके3सीए बदल असेल तर अल्पेलिसिब, कॅपिव्हासर्टिब, इनाव्होलिसिब अशी वेगळी औषधं आहेत. यातली काही, विशेषतः अल्पेलिसिब, रक्तातली साखर चांगलीच वाढवतात. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्याकडे ही किरकोळ बाब नाही.

बातम्यांत ‘क्रांतिकारी’ हा शब्द येतो तेव्हा आकडे पाहावेत. एलासेस्ट्रँटच्या मुख्य चाचणीत ईएसआर1 बदल असलेल्या रुग्णांत कॅन्सर आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ 3.8 महिने होता, जुन्या उपचारांवर 1.9 महिने. आधीचं पाल्बोसिक्लिबच्या गटातलं औषध ज्यांना वर्षभर किंवा जास्त चाललं होतं, त्यांच्यात 8.6 विरुद्ध 1.9. म्हणजे फायदा खरा आहे, पण सगळ्यांना सारखा नाही.

सध्याचा मोठा वाद वेगळा आहे. स्कॅन बिघडायची वाट न पाहता, रक्तात बदल दिसताच औषध बदलावं का? जून 2025 मध्ये शिकागोच्या अ‍ॅस्को परिषदेत मांडलेल्या ‘सेरेना-6’ चाचणीत हेच केलं. नव्या कॅमिझेस्ट्रँट गोळीवर गेलेल्यांचा आजार 16 महिने थांबला, जुन्याच गोळीवर राहिलेल्यांचा 9.2 महिने. आक्षेप असा, की लवकर बदलल्यानं आयुष्य वाढतं का, की तेच औषध नंतर दिलं असतं तरी चाललं असतं, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी हजारो बायकांचं रक्त तपासावं लागतं, हेही आहेच.

मला मात्र या वादात ‘पाडा-1’ ही आधीची फ्रेंच चाचणी जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा कमी होते. तिथेही रक्तात ईएसआर1 बदल वाढताना दिसला की गोळी बदलली, पण बदलून दिलं ते जुनं फुल्व्हेस्ट्रँट. पाल्बोसिक्लिब तेच ठेवलं. आजार थांबण्याचा काळ 5.7 वरून 11.9 महिन्यांवर गेला. आयुष्य वाढतं का, हा प्रश्न इथेही उरतोच. पण या दोन्ही औषधांच्या जेनेरिक आवृत्त्या भारतात मिळतात. पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं आणि किंमत काही पटींनी उतरली. ज्या गोळ्यांची जाहिरात करायला कुणाचा फायदा नाही, त्यांवरचं संशोधन मोबाईलवर आपोआप येत नाही.

पेटंट असलेल्या औषधाचं काय होतं, याचं उदाहरण केरळमध्ये आहे. स्तनाचा कॅन्सर झालेल्या एका महिलेनं रायबोसिक्लिब परवडत नाही, सरकारनं सक्तीचा परवाना देऊन ते स्वस्त करावं, म्हणून केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली. याचिका प्रलंबित असतानाच 2022 मध्ये तिचा मृत्यू झाला. विषय अनेकांचा आहे म्हणून न्यायालयानं तो पुढे चालू ठेवला.

सायखेड्यातल्या त्या बाईनं डॉक्टरांना काय विचारावं?

चाचणीआधीच विचारावं, की बदल सापडला तर कोणतं औषध देणार, ते भारतात मिळतं का, महिन्याला किती लागेल, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयातला आरोग्यमित्र देईल. औषध हाताला लागणारच नसेल, तर चाचणीचे हजारो रुपये वाचवणं यात लाज नाही. निकाल काहीही आला तरी डॉक्टर कोणता उपचार देणार होते, हे कळलं तरी पुरे.

यकृतासारख्या नव्या जागेची बायोप्सी करायला सांगितलं, तर ‘परत का?’ म्हणून टाळू नये. रिसेप्टर किंवा हर-टू ची स्थितीही मधल्या काळात बदललेली असू शकते. जुने रिपोर्ट, ब्लॉकचा नंबर यांचे फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावेत. गोदावरीला पूर आला की सायखेडा-चांदोरी पूल पाण्याखाली जातो आणि काठच्या घरांत पाणी शिरतं, तेव्हा कागदांची पिशवी आधी आठवत नाही.

आणि रक्त द्यायचं ठरलं, तर ते नवं औषध सुरू होण्याआधी द्यावं. औषध लागू पडलं की रक्तात येणारे कॅन्सरचे तुकडे कमी होतात, आणि बदल असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.