जुना ट्रक भंगारात द्यायचा की चालवायचा? नाशिकच्या ट्रकमालकांसाठी स्क्रॅप धोरणाचं गणित

लासलगाव-पिंपळगावचा कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षं, अंबड-सातपूरच्या कारखान्यांमधले सुटे भाग आणि मालेगावचं कापड. नाशिक जिल्ह्यातला हा बहुतेक माल ट्रकनं हलतो. लांब पल्ल्यावर नवे, मोठे ट्रक दिसतात. पण बाजार समितीतून गोदामापर्यंत, गोदामातून रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत किंवा वीटभट्टीवरून साइटवर, अशा छोट्या खेपा करायला जुन्या गाड्याही लागतात. 'एमएच-१५' किंवा मालेगावच्या 'एमएच-४१' पाटीची, पंधरा वर्षं ओलांडलेली गाडी, आणि बऱ्याचदा तिचा मालक हाच तिचा चालक.

दरवर्षी पासिंगची तारीख जवळ आली, की या मालकापुढे एकच प्रश्न असतो. पुन्हा खर्च करून गाडी पास करून घ्यायची, विकून टाकायची, की सरकारच्या स्क्रॅप धोरणात देऊन नवी घ्यायची?

या धोरणाबद्दल गैरसमज बरेच आहेत. त्यामुळे आधी नियम पाहू आणि मग हिशोब मांडू.

पंधरा वर्षं झाली की ट्रक भंगारात द्यावाच लागतो का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

केंद्र सरकारनं १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात या धोरणाची घोषणा केली आणि १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ते जाहीर केलं. ते ऐच्छिक आहे. गाडीचं वय किती, यापेक्षा ती तंदुरुस्तीच्या चाचणीत पास होते का, याला त्यात महत्त्व आहे. चाचणीत पास होणारा ट्रक पंधरा वर्षांनंतरही रस्त्यावर धावू शकतो.

मग हा गैरसमज आला कुठून? दोन कारणं आहेत. पहिलं, दिल्ली परिसरात हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवण्यावर निर्बंध आले. त्याच्या बातम्या देशभर पोहोचल्या. दुसरं, सरकारच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही. नाशिकमधल्या खासगी ट्रकमालकाला या दोन्ही गोष्टी लागू होत नाहीत.

मग जुनी गाडी ठेवणं महाग का होतंय?

सक्ती नसली, तरी जुनी गाडी ठेवण्याचा खर्च सरकारनं वाढवत नेला आहे.

मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेत पंधरा वर्षांवरच्या अवजड मालवाहू वाहनासाठी हे शुल्क १२,५०० रुपये ठरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं वयाचे नवे टप्पे पाडले आणि वीस वर्षांवरच्या अवजड ट्रक-बससाठी शुल्क २५ हजार रुपये केलं.

चाचणीची पद्धतही बदलली आहे. पूर्वी निरीक्षक गाडी डोळ्यांनी पाहून, थोडी चालवून निर्णय द्यायचा. आता अवजड वाहनांसाठी स्वयंचलित केंद्रातली चाचणी सक्तीची करण्याचं धोरण आहे. ब्रेक, हेडलाइट, स्टिअरिंग आणि धूर यांची तपासणी यंत्रावर होते. केंद्राच्या योजनेतून देशात सुरुवातीच्या काळात जी अशी केंद्रं उभी राहिली, त्यात नाशिकचा समावेश होता. त्यामुळे इथल्या ट्रकवाल्यांना यंत्रावरचं पासिंग नवीन नाही. नापास झालेल्या गाडीची दुरुस्ती करून पुन्हा चाचणी देता येते. पण ब्रेक, पाटे, टायर आणि इंजिनकाम एकाच वर्षी निघालं, तर खर्च लाखाच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

स्क्रॅपला दिल्यावर मिळतं काय?

ट्रक सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात जमा केला, की मालकाला दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे गाडीच्या धातूची किंमत. दुसरी म्हणजे 'ठेव प्रमाणपत्र', म्हणजेच सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. नवी गाडी घेताना हे प्रमाणपत्र दाखवलं, की पुढच्या सवलती मिळतात.

एक, नोंदणी शुल्क माफ होतं.

दोन, मोटार वाहन करात सूट मिळते. केंद्राच्या नियमानुसार राज्यांना व्यावसायिक वाहनांसाठी १५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते आणि ती आठ वर्षांपर्यंत चालू राहू शकते. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये ही सूट १५ टक्के केली. त्यासाठी नवी गाडी जुन्याच प्रकारची असावी लागते.

तीन, कंपनीची सूट. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्यासोबतच्या बैठकीनंतर व्यावसायिक वाहनांच्या उत्पादकांनी साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाडीवर एक्स-शोरूम किमतीच्या ३ टक्के आणि त्याखालच्या गाडीवर दीड टक्का सूट द्यायची तयारी दाखवली. जुनी गाडी गेल्या सहा महिन्यांत स्क्रॅप झालेली असावी, अशी अट होती. ही सूट दोन वर्षांपुरती जाहीर झाली होती. त्यामुळे ती आज लागू आहे का, हे डीलरकडून लेखी घेतलेलं बरं.

आता हिशोब मांडू

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, प्रत्यक्ष गाडीनुसार ते बदलतील.

समजा, नाशिकमधल्या एका मालकाकडे २००९ सालचा मधल्या वजनाचा ट्रक आहे. रिकाम्या गाडीचं वजन सहा टन आणि स्क्रॅप केंद्राचा भाव किलोला २५ रुपये धरला, तर धातूचे दीड लाख रुपये होतात.

नव्या ट्रकची करपूर्व किंमत २५ लाख धरू. १८ टक्के जीएसटी लावून तो २९ लाख ५० हजारांना पडतो. कंपनीची ३ टक्के सूट म्हणजे ८८,५०० रुपये. वाहन कर वर्षाला २० हजार असेल, तर १५ टक्क्यांनी वर्षाचे ३ हजार आणि आठ वर्षांचे २४ हजार वाचतात. म्हणजे प्रमाणपत्राचा एकूण फायदा साधारण १ लाख १२ हजार.

आता दुसरी बाजू. हा ट्रक घ्यायला २६ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याजानं, पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता ५५ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे स्क्रॅप धोरणाचा सगळा फायदा जेमतेम दोन हप्त्यांएवढा आहे. उरलेले ५८ हप्ते भाड्याच्या कमाईतूनच फेडायचे आहेत. वर्षभर नियमित काम देणारी कंपनी हाताशी असेल, तर ते जमू शकतं. पण कांद्याच्या आणि द्राक्षांच्या हंगामावर अवलंबून असणाऱ्याला हंगाम संपल्यावरही तोच हप्ता भरायचा असतो.

आणखी एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. याच उदाहरणात त्यामुळे अडीच लाख रुपये वाचतात. जुनी गाडी न मोडताही! म्हणजे ट्रक स्वस्त झाला तो मुख्यतः करकपातीमुळे. स्क्रॅपच्या प्रमाणपत्राचा वाटा त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे.

आणि हाच जुना ट्रक चालू स्थितीत, पासिंगसह बाजारात साडेतीन लाखांना जात असेल तर? धातू आणि प्रमाणपत्र मिळून २ लाख ६२ हजार होतात. विकणं जवळपास ८८ हजारांनी फायद्याचं ठरतं. उलट, पासिंगसाठीच दीड लाखाचं काम निघत असेल, तर स्क्रॅप केंद्र परवडतं.

म्हणजे सोपा ठोकताळा असा, की चालती गाडी बाजारात जाते आणि बंद पडलेली स्क्रॅपला येते.

धोरण अडतंय कुठे?

२०२१ मध्ये संसदेत गडकरींनी सांगितलं होतं, की देशात पंधरा वर्षांवरची आणि वैध फिटनेस नसलेली १७ लाख मध्यम आणि अवजड व्यावसायिक वाहनं आहेत. अशा गाड्या जास्त धूर सोडतात, हे धोरणामागचं मुख्य कारण. केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत नाशिकही आहे. त्यामुळे हा प्रश्न शहराच्या हवेचाही आहे.

पण ट्रकचा प्रवास कसा होतो ते पाहा. नवा ट्रक बहुतेक वेळा मोठा वाहतूकदार घेतो. काही वर्षं लांब पल्ल्यावर चालवून तो विकतो. मग तो दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे जातो आणि शेवटी एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याकडे. स्क्रॅप होण्याच्या वयात ट्रक या शेवटच्या माणसाकडे असतो.

सवलत मात्र नव्या ट्रकवर आहे, म्हणजे साखळीच्या पहिल्या टोकाला. शेवटच्या टोकाचा मालक नवा ट्रक घेतच नाही. तो जुना देऊन त्यातल्या त्यात कमी जुना, सात-आठ वर्षं चाललेला ट्रक घेतो. या खरेदीवर प्रमाणपत्राचा काहीच उपयोग होत नाही. ज्याच्याकडे मोडायची गाडी आहे त्याला सवलत वापरता येत नाही, आणि ज्याला सवलत वापरता येते त्याच्याकडे मोडायची गाडी नसते.

मग छोट्या मालकाच्या हाती काय?

नियमांमध्येच एक वाट आहे, पण तिची चर्चा कमी होते. हे ठेव प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं. विकत घेतलेल्या प्रमाणपत्रावरही कंपन्यांनी साडेतीन टनांवरच्या गाडीसाठी २.७५ टक्के सूट जाहीर केली होती. आपल्या उदाहरणातल्या २९ लाख ५० हजारांच्या ट्रकवर ती ८१ हजारांच्या पुढे जाते. नवा ट्रक घेणारा त्यातला निम्मा वाटा द्यायला तयार झाला, तरी जुन्या ट्रकच्या मालकाला धातूच्या किमतीवर ४० हजार रुपये जास्त मिळतील.

म्हणून स्क्रॅप केंद्रात भाव विचारताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत: लोखंडाचे किती आणि प्रमाणपत्राचं काय? 'सगळं मिळून एवढे देतो' असं उत्तर मिळालं, तर प्रमाणपत्र आपल्या हातात राहणार आहे का, हे आधी स्पष्ट करून घ्यावं.

घासाघीस करायला आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण मंत्रालयाच्या नियमांनुसार वाहन कंपन्यांवर जुन्या गाड्यांमधल्या पोलादाच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं स्क्रॅप केंद्रांकडूनच येतात. म्हणजे तुमच्या ट्रकमधून केंद्राला फक्त लोखंडच मिळतं असं नाही.

नेहमीच्या भंगारवाल्याला दिला तर?

नाशिककरांना अंबड लिंक रोडचा भंगार बाजार आठवत असेल. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेनं तो हटवला. पण ओळखीच्या भंगारवाल्याला गाडी देऊन रोख पैसे घ्यायची सवय जुनीच आहे.

यात धोका कागदाचा आहे. गाडी तुकडे होऊन गेली, तरी आरटीओच्या नोंदीत ती मालकाच्याच नावावर राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाल्यावर १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करावी लागते. ते केलं नाही, तर कराची थकबाकी मागे लागू शकते. चेसिस नंबरचा किंवा आरसीचा गैरवापर झाला, तर पोलिसांची चौकशीही आधी नोंदीतल्या मालकाकडेच येते. मान्यताप्राप्त केंद्रात मात्र गाडी चोरीची तर नाही ना, हे तपासलं जातं, चेसिस नंबरचा तुकडा कापून ठेवला जातो आणि नोंद 'वाहन' प्रणालीत बंद होते.

निर्णय घेण्याआधी

- आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तो आधी उतरवून घ्या. बोजा असलेली गाडी स्क्रॅपला घेतली जात नाही.
- कर आणि ई-चलनाची थकबाकी किती आहे ते पाहा.
- पासिंगसाठी लागणारा खर्च गॅरेजवाल्याकडून कागदावर लिहून घ्या आणि गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहा.
- स्क्रॅप केंद्र नाशिकमध्येच असलं पाहिजे असं नाही. परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर मान्यताप्राप्त केंद्रांची यादी आहे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, पण गाडी तिथवर नेण्याचा खर्चही धरा.
- नवी गाडी घेणार असाल, तर प्रमाणपत्रावरची सूट डीलरच्या नेहमीच्या सवलतीशिवाय वेगळी मिळणार आहे का, ते कोटेशनवर लिहून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर, स्क्रॅपच्या सवलतीसाठी म्हणून नवा ट्रक घ्यावा इतकी ती मोठी नाही. नवा ट्रक घ्यायचं आधीच ठरलं असेल, तर ती जरूर घ्यावी. आणि नवा घ्यायचा नसेल, तरी प्रमाणपत्राची किंमत सोडून देऊ नये. जुन्या गाड्या खरोखर रस्त्यावरून जायच्या असतील, तर सरकारला कधी ना कधी त्या शेवटच्या मालकाचा विचार करावा लागेल, ज्याला शोरूममधला नवा ट्रक परवडत नाही. तोवर त्याच्यासाठी दरवर्षीचं पासिंग हाच हिशोबाचा दिवस राहील.