पाडवा, बळीराजा आणि कंपनीचा भाग

दीपावलीत सीताबर्डीवर कीर्तनास उभे राहिलो, की आरती झाल्यावर एखादे गृहस्थ हळूच विचारतात, "बुवा, निवृत्तीचे पैसे जुन्या, नामांकित कंपन्यांच्या शेअरांत घालावे का? की तो जुगारच?" प्रश्न संसाराचा आहे, म्हणून पाडव्याच्या निमित्ताने त्याचा विचार करतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त जुगाऱ्यास फासे टाकून शेत नांगरण्यास सांगते. आमच्या मते सकाळी घेऊन सायंकाळी विकलेला शेअर हा फासाच होय. उद्योगाचे भागीदार होऊन वर्षानुवर्षे लाभांश घेणे ही शेती होय.

या शेतीचे उदाहरण सीताबर्डीहून फार दूर नाही. जमशेदजी टाटांनी 1874 साली कंपनी स्थापिली आणि जुम्मा तलावाजवळची दलदल भरून 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. हा गृहस्थ सोने मातीत घालीत आहे, असे म्हणून एका सावकाराने भांडवल नाकारले. पुढे त्यालाच कबूल करावे लागले, की टाटांनी माती घालून सोने काढले, अशी कथा सांगतात. 1907 साली टाटांच्याच पोलाद कंपनीसाठी अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे 8,000 भारतीयांनी भांडवल दिले. विश्वास असा पिकतो.

परंतु कथा येथेच थांबविली तर श्रोत्यांची फसवणूक होईल. तीच एम्प्रेस मिल 1986 साली शासनाकडे गेली आणि 2002 साली कायमची बंद पडली. 1986 सालीच मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स सुरू झाला. त्यासाठी निवडलेल्या तीस कंपन्यांत आपल्या विदर्भातील बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. 2020 साली तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. लक्ष्मीस चंचला म्हणतात ते उगीच नव्हे. पेरून घरी निजणाऱ्याचे पीक गुरे खातात. तसेच वार्षिक अहवाल न उघडणाऱ्या भागधारकाचे होते.

मग करावे काय? श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीराजास सांगतात, की धनाचे पाच भाग करावे: धर्म, यश, अर्थवृद्धी, उपभोग आणि स्वजन यांसाठी. शेअरांत जावा तो केवळ अर्थवृद्धीचा भाग, आणि तोही एकाच कंपनीत नव्हे. औषधपाणी, लेकीचे कार्य, देवाधर्माचा पैसा यांस हात लावू नये. कर्ज काढून तर मुळीच भाग घेऊ नयेत.

बळीने गुरूचे ऐकले नाही, सर्वस्व दिले आणि तरीही तो धन्य झाला, हे खरे; परंतु त्याने ते वामनाच्या चरणी ठेवले होते, बाजाराच्या नव्हे. बाजारापुढे उभ्या असलेल्या गृहस्थाने शुक्राचार्यांचेच ऐकावे, एवढीच आमची विनंती.