बहावा उन्हात, पण वाऱ्याआड

मृग तोंडावर आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रोपवाटिकांत गुलमोहराची मागणी वाढते. बहावा मागणारा विरळाच. तो आपल्या जंगलातला. गुलमोहर मादागास्करचा, वादळात फांद्या टाकणारा. तरी अंगणात मान त्याचाच, हे आम्हाला पटत नाही.

बहाव्याचे बी उगवत नाही, ही जुनी तक्रार आहे. दोष बियाचा नाही, त्याच्या टणक कवचाचा आहे. जंगलात अस्वले, कोल्हे, माकडे शेंगेतला काळा चिकट गर खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. रोपवाटिकेत कानस घ्यावी. चपट्या तपकिरी बियाची एक कड आतला फिकट भाग दिसेपर्यंतच घासावी, अंकुराची बाजू सोडून. मग बी रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी जे फुगले असेल तेवढेच पेरावे. उरलेले पुन्हा घासावे. सोटमूळ झपाट्याने खाली जाते, म्हणून पिशवी खोल हवी. लहान पिशवीत दोन वर्षे अडकलेले उंच रोप गिऱ्हाइकाला आवडते, पण त्याच्या मुळांनी तळाशी वेटोळे घातलेले असते. असे रोप विकू नये.

जागा दिवसभर उन्हाची हवी. मे महिन्यातले ४५ अंश मोठ्या झाडाला सोसतात. कोवळ्या रोपाला पश्चिमेच्या झळा सोसत नाहीत. त्या बाजूला कुंपण किंवा भिंत असावी, डोक्यावर सावली मात्र नको. बरडी, मुरमाड जमीन चालते. कन्हारात उंचवटा करूनच लावावे, कारण साचलेल्या पाण्यात मूळ कुजते.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे हिवाळा सरता सरता हात आखडावा. लॉनच्या ठिबकाखालचा बहावा पानांनी भरतो आणि फुलायला कुचराई करतो. शेंगवर्गीय असूनही त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. तरी युरियाचा मारा नको, पावसाच्या सुरुवातीला शेणखत पुरे. पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या दिसतील. झाड पुन्हा पालवते, फवारणीची घाई करू नये. बियापासूनच्या झाडाला फुलायला काही वर्षे लागतात, हे गिऱ्हाइकाला रोप देतानाच सांगावे.

सध्या फुलोऱ्याशेजारीच गेल्या वर्षीच्या शेंगा लटकत आहेत. रोपवाटिकाचालकांनी अभयारण्याला हात न लावता, धुऱ्यावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या शेंगा मालकाला विचारून मृगापूर्वी गोळा कराव्यात.