अपडेटनंतर थिजणारा संगणक



संगणकाने अपडेट घेतले आणि त्या दिवसापासून तो मधूनच थिजतो, ही तक्रार आपल्या मंडळींच्या इतक्या घरांतून ऐकू येते की, या सदरात तिचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. मुले हिब्रूत "हामख्शेव नित्का" असे म्हणून मोकळी होतात आणि एखादे जाणते गृहस्थ "फॉरमॅट करा, सर्व ठीक होईल" असा निकाल देतात. फॉरमॅट केल्याने यंत्र पुष्कळदा चालू लागते, हे खरे. परंतु त्या यंत्रात अलिबाग-पनवेलकडील जुनी छायाचित्रे असतात, वडीलधाऱ्यांच्या मराठी पत्रांच्या प्रती असतात, नातवंडांच्या लग्नाच्या फिती असतात. त्यांची दुसरी प्रत नसेल तर ती फॉरमॅटबरोबर कायमची जातात. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे, तो शेवटचा होय.

प्रथम कारण पाहू. विंडोज ही कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधील मध्यस्थ. पडदा, डिस्क, छपाईयंत्र अशा प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी 'ड्रायव्हर' नावाचा लहानसा प्रोग्रॅम असतो. अपडेटने मध्यस्थाची रीत बदलते, पण एखादा जुना ड्रायव्हर वा अँटिव्हायरस जुन्याच रीतीने बोलत राहतो. मग दोघेही एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसतात आणि आपणांस मात्र निश्चल पडदा दिसतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० चे 'ॲनिव्हर्सरी अपडेट' निघाले. तेव्हा ज्या यंत्रांत विंडोज एसएसडीवर आणि प्रोग्रॅम वा माहिती दुसऱ्या डिस्कवर होती, त्यांपैकी काही थिजू लागली. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केले, सेफ मोडमध्ये यंत्र थिजत नाही असेही कळविले आणि महिनाअखेरीस दुरुस्ती पाठविली. २०१८ च्या एप्रिल अपडेटनंतर क्रोम वापरताना काही यंत्रे अडत. त्यावरील दुरुस्ती ८ मे रोजी आली. एप्रिल २०१९ च्या मासिक अपडेटनंतर काही विशिष्ट अँटिव्हायरस असलेली यंत्रे सुरू होतानाच अडत. तिन्ही वेळा बिघाड जुन्या-नव्याच्या मेळाचा होता, यंत्र मोडलेले नव्हते. ज्यांनी कळ काढली, त्यांना दुरुस्ती घरबसल्या मिळाली.

आता उपाय, क्रमाने.

पहिला उपाय धीराचा. मोठ्या अपडेटनंतर संगणक तासभर आपलीच आवराआवर करीत असतो. तो मंद असतो, थिजलेला नसतो. हा भेद ओळखण्यासाठी कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर आत जीव आहे. मग कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबून पाहाव्यात. पडदाच काळा वा निश्चल झाला असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्याने पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. २०१८ साली मायक्रोसॉफ्टनेच हा उपाय सुचविला होता. कशानेच हालचाल झाली नाही, तरच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे. मात्र अपडेट चालू असल्याची सूचना पडद्यावर असताना वीज तोडू नये. म्हणूनच शुक्रवारी दुपारी, शब्बाथ तोंडावर आला असता, अपडेट सुरू करू नये.

दुसरा उपाय माहिती वाचविण्याचा. नाव व पासवर्ड विचारणारा पडदा येत असेल, तर शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडावे. तेही जमत नसेल, तर सुरू होत असतानाच यंत्र बंद करावे. असे लागोपाठ दोन-तीन वेळा केल्यास दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथून 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज' असे जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे आणि ४ हा आकडा दाबावा. हाच सेफ मोड. पडद्यावरील नावे हिब्रूत असली तरी आकडा तोच राहतो. यंत्राने बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितल्यास घाबरू नये. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि दुसऱ्याच्या फोनवरून खाते उघडूनही पाहता येते. सेफ मोड उघडताच अन्य काही करण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत.

तिसरा उपाय पाऊल मागे घेण्याचा. त्याच निळ्या पडद्यावर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. तेथे दोन पर्याय दिसतात: 'क्वालिटी' म्हणजे मासिक अपडेट आणि 'फीचर' म्हणजे मोठी नवी आवृत्ती. यांतील जे नुकतेच आले असेल ते काढावे. मोठ्या आवृत्तीवरून परतण्यास सामान्यतः दहाच दिवसांची मुदत असते. पुढे जुनी आवृत्ती डिस्कवरून पुसली जाते. जागा मोकळी करण्याच्या भरात 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर आपणच पुसला, तर परतीची वाट त्याच क्षणी बंद होते.

चौथा उपाय दोषी शोधण्याचा. सेफ मोडमध्ये यंत्र तासन्‌तास सुरळीत चालत असेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा बाहेरून घातलेल्या प्रोग्रॅमवर घ्यावा. छपाईयंत्र, कॅमेरा इत्यादी जोडण्या काढाव्यात. बाहेरचा अँटिव्हायरस काढावा, कारण विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्याची जागा घेतो. पडद्याचा ड्रायव्हर यंत्राच्या उत्पादकाकडून नवा घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. चार बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. उलट सेफ मोडमध्येही यंत्र थिजत असेल, तर डिस्क, मेमरी वा आत साचलेल्या धुळीने वाढलेली उष्णता यांकडे पाहावे. अशा वेळी अपडेट केवळ निमित्त ठरलेले असते आणि मग यंत्र कारागिराकडे नेणेच शहाणपणाचे. नेताना "मला विचारल्याशिवाय डिस्क पुसू नये" असे कागदावर लिहून द्यावे.

या त्रासाला कंटाळून काही मंडळी अपडेट कायमचे बंद करून टाकतात. ते आम्हांस मान्य नाही. अपडेटमधून सुरक्षेच्या फटी बुजविल्या जातात. त्या उघड्या राहिल्या तर चोराला आमंत्रणच. नवे अपडेट काही दिवस पुढे ढकलण्याची सोय विंडोजमध्येच आहे, ती वापरावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे जुनी यंत्रे विंडोज ११ वर नेण्याची घाई पुष्कळांनी केली. परंतु विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि किमान ४ जीबी मेमरी लागते. ज्या यंत्रात हे नाही, त्यावर ते आडमार्गाने लादल्यास थिजण्याचा धोका आपणच ओढवून घेतो. आणखी एक: "आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो, तुमचा संगणक बिघडला आहे," असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन आपण होऊन करीत नाही.

यंत्र बाजारात पुन्हा मिळते; आजोबांचा नवगावातील फोटो मिळत नाही. तेव्हा पुढील अपडेटची सूचना येण्यापूर्वी घरातील चित्रे व पत्रे एका बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत, ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी आणि बिटलॉकरची किल्ली वहीत लिहावी. आमच्या वाचकांनी या आठवड्यात एवढे केले, तरी या सदराचे सार्थक झाले असे आम्ही समजू.